पेंटबॉल मार्करची हवेवर चालणारी ट्रिगर यंत्रणा आत घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत आणि आसपास पेंटबॉल खेळणाऱ्यांपैकी काही जण स्वतःचा मार्कर, म्हणजे हवेच्या दाबाने रंगाच्या गोळ्या मारणारी बंदूक, हळूहळू घडवत नेतात. बॅरल बदलतात, ग्रिप बदलतात, आणि मग एक दिवस बॅरलखाली लोंबणाऱ्या नळ्या डोळ्यात खुपायला लागतात. त्या नळ्या, व्हॉल्व्ह आणि छोटा सिलिंडर आत कसा घ्यायचा, यावर मला जे प्रश्न वारंवार येतात त्यांची ही उत्तरं. उदाहरणं मुख्यतः ऑटोकॉकर पद्धतीच्या मार्करची आहेत. हवेच्या जोरावर पुन्हा कॉक होणारा आणि सगळी यंत्रणा उघड्यावर असणारा सर्वात ओळखीचा मार्कर तोच.

आधी हे सांगा, ही यंत्रणा नेमकी करते काय?

मार्कर बनवणारे अमेरिकन कारागीर बड ऑर यांच्या वर्कशॉपमध्ये आधी स्नायपर नावाचा पंप मार्कर बनत असे. प्रत्येक गोळीनंतर हाताने पंप ओढायचा आणि सोडायचा. 1990 च्या सुमारास त्याच रचनेवर हवेची यंत्रणा बसवली गेली आणि पंपाचं काम हाताऐवजी हवा करू लागली. तोच ऑटोकॉकर.

त्यात चार भाग आहेत. पहिला कमी दाबाचा रेग्युलेटर, ज्याला सगळे एलपीआर म्हणतात. मार्करच्या शरीरात साधारण 300 ते 400 पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाब असतो, त्यातली थोडी हवा घेऊन हा रेग्युलेटर ती 70-80 पीएसआयवर, म्हणजे 5 बारच्या आसपास आणतो. दुसरा थ्री-वे, म्हणजे हवेची दिशा बदलणारा छोटा सरकता व्हॉल्व्ह. तिसरा रॅम, म्हणजे पेनाएवढा सिलिंडर. चौथी टायमिंग रॉड, जी ट्रिगरला थ्री-वेशी जोडते.

ट्रिगर अर्धा ओढला की सिअर नावाची खिटी स्प्रिंगवर ताणलेल्या हॅमरला सोडते, हॅमर व्हॉल्व्हवर आदळतो, गोळी सुटते. ट्रिगर आणखी मागे आला की टायमिंग रॉड थ्री-वेला सरकवते, हवा रॅमच्या दुसऱ्या बाजूला जाते, रॅम मागचा ठोकळा मागे ढकलतो, बोल्ट, म्हणजे गोळी बॅरलमध्ये ढकलणारा दांडा, उघडतो आणि हॅमर पुन्हा कॉक होतो. ट्रिगर सोडला की हवा उलटते, बोल्ट पुढची गोळी घेऊन बंद होतो. एका बोटाच्या हालचालीत इतकं सगळं घडतं, म्हणून यंत्रणा आत घेताना तिच्यातली एकही पायरी अडखळता कामा नये.

नळ्या बाहेर असल्या तर बिघडतं काय? आत घेण्याचा खरा फायदा आहे का?

आहे. झुडपात किंवा फुगवलेल्या बंकरच्या कडेला नळी अडकली आणि बार्बवरून, म्हणजे ती ज्यावर चढवलेली असते त्या खाचेदार तोंडावरून, निसटली, तर मार्कर तिथल्या तिथे बंद पडतो. पोटावर सरपटताना टायमिंग रॉड वाकते. लाल माती थ्री-वेच्या तोंडात जाते आणि ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारी रबरी कडी, घासते. हे सगळं झाकल्याने टळतं.

दिसण्याचा फायदाही मी कमी लेखत नाही. नीट आत घेतलेल्या यंत्रणेचा मार्कर हातात घेतला की करणाऱ्याची मेहनत दिसते. पण वेग वाढत नाही आणि नेमही सुधारत नाही. कुणी तसं सांगून पैसे मागत असेल तर देऊ नका.

आत घ्यायचं म्हणजे कुठे? जागाच कुठे आहे?

तीन वाटा आहेत.

सर्वात सोपी वाट म्हणजे यंत्रणा आहे तिथेच ठेवून वर कवच बसवणं. समोरच्या ठोकळ्यावर रॅम, थ्री-वे आणि एलपीआर तसेच राहतात. बॅरलखालून दोन अर्धगोल तुकडे येतात आणि स्क्रूने जोडले जातात. ॲल्युमिनियमचे चालतात, थ्रीडी प्रिंट केलेले नायलॉनचेही चालतात. साध्या पीएलए प्लास्टिकचे मात्र नकोत. मे महिन्यात गाडीच्या डिकीत ते मऊ पडून वाकतात. ज्यांच्याकडे चालता मार्कर आहे त्यांनी इथूनच सुरुवात करावी. आवडलं नाही तर चार स्क्रू काढले की मार्कर पूर्ववत.

दुसरी वाट नळ्याच काढून टाकण्याची. समोरचा ठोकळा नव्याने बनवायचा आणि एलपीआरपासून थ्री-वेपर्यंत, थ्री-वेपासून रॅमच्या दोन्ही बाजूंपर्यंतचे मार्ग त्याच ठोकळ्यात ड्रिल करायचे. मग बाहेर बार्ब नाही, नळी नाही, काही नाही. मला हीच वाट सर्वात सुंदर वाटते. कामही तिचंच जास्त आहे.

तिसरी वाट थ्री-वे ग्रिपच्या आत, ट्रिगरच्या जवळ नेण्याची. त्यामुळे लांब टायमिंग रॉड जाते. पण रॅम पुढेच राहतो, म्हणून दोन नळ्या शरीराच्या बाजूने पुढे न्याव्या लागतात. प्रत्येक नळी 150 मिमी लांब आणि आतून 2.5 मिमी धरली, तर तिच्यात जवळपास पाऊण घन सेंटिमीटर हवा मावते. ही हवा प्रत्येक गोळीला भरायची आणि सोडायची. रॅम संथ होतो, टाकी लवकर संपते. आतून 1.6 मिमीची नळी घेतली तर तोच आकडा 0.3 घन सेंटिमीटरवर येतो. ही वाट घेणार असाल तर बारीक नळी आणि शक्य तेवढा छोटा मार्ग, यात तडजोड नको.

आजचे काही मार्कर, उदाहरणार्थ प्लॅनेट एक्लिप्सचा एमेक, कारखान्यातूनच बाहेर एकही नळी नसलेले येतात. ट्रिगर आतला छोटा व्हॉल्व्ह दाबतो आणि बाकी काम हवा करते. तुम्हाला फक्त स्वच्छ दिसणारा, भरवशाचा यांत्रिक मार्कर हवा असेल तर तसा घ्या. घडवण्याची आवड असेल तरच पुढे वाचा.

ठोकळ्यात मार्ग ड्रिल करताना कशाची काळजी घ्यायची?

धातूपासून सुरू करू. परदेशी आराखड्यांत 6061-टी6 ॲल्युमिनियम लिहिलेलं असतं. आपल्या बाजारात व्यापारी एचई-20 आणि एचई-30 म्हणतात. एचई-20 हे 6061 च्या जवळचं, एचई-30 हे 6082. दोन्ही चालतात, दोन्हींवर ॲनोडायझिंग (गंज रोखणारा ऑक्साइडचा थर) चांगलं बसतं. भंगारातला ॲल्युमिनियमचा तुकडा मात्र घेऊ नका. तो ओतीव असेल तर आत बारीक पोकळ्या असतात आणि हवा भिंतीतूनच झिरपते. गळती शोधत बसाल आणि सापडणार नाही.

आडवी-उभी भोकं एकमेकांना भेटतात तिथे धातूच्या बारीक धारदार कडा राहतात. त्या काढल्या नाहीत तर पहिल्याच दिवशी ओ-रिंग कापली जाते. थ्री-वेचा स्पूल (सरकता दांडा) ज्या भोकात सरकतो ते फक्त ड्रिल करून चालत नाही, भोक गुळगुळीत आणि मापात आणणारा रीमर मारावाच लागतो. तोंडाशी 15 ते 20 अंशांचा उतार ठेवा, म्हणजे ओ-रिंग आत जाताना चिरडत नाही. सरकत्या ओ-रिंगला तिच्या जाडीच्या 10 ते 15 टक्के दाब पुरतो. जास्त घट्ट ठेवलं तर ट्रिगर जड होतो आणि बोट सोडल्यावर थ्री-वे परत येत नाही.

ज्या भोकांचं तोंड बाहेर उघडतं ती बंद करावी लागतात. त्यासाठी चूडीचा (आट्यांचा) प्लग आणि चूडीवर लॉकिंगचा थेंब. ठोकून बसवलेला छर्रा मला पसंत नाही, कारण तो पुन्हा काढता येत नाही.

दोन भोकांमध्ये मी 2.5 मिमीपेक्षा कमी भिंत ठेवत नाही. आणि एक गोष्ट ठाम सांगतो: ड्रिल फक्त कमी दाबाच्या बाजूला. मुख्य व्हॉल्व्हची खोली, टाकीचा रेग्युलेटर आणि टाकीची मान यांना ड्रिल किंवा फाइल लावायची नाही. साध्या टाकीच्या रेग्युलेटरमधून 850 पीएसआयच्या आसपास, म्हणजे 58 बारपेक्षा जास्त दाब बाहेर पडतो, आणि टाकीत तर 3000 किंवा 4500 पीएसआय असतो.

नागदेवी स्ट्रीटवरून फिटिंग आणली, बसते पण गळते. का?

हा प्रश्न सर्वात जास्त येतो आणि त्याचं उत्तर जवळपास नेहमी एकच असतं: चूड्या जुळत नाहीत.

ऑटोकॉकरच्या छोट्या बार्बवर 10-32 ही इंची चूडी असते. आपल्याकडे न्यूमॅटिकच्या दुकानात मिळते ती एम5. दोन्ही इतक्या सारख्या आहेत की हाताला फरक कळत नाही. 10-32 चा व्यास 4.83 मिमी आणि पिच (दोन वेढ्यांतलं अंतर) 0.794 मिमी. एम5 चा व्यास 5 मिमी आणि पिच 0.8 मिमी. म्हणून 10-32 चा बार्ब एम5 च्या भोकात सहज जातो, ढिला बसतो आणि गळतो. उलट एम5 चा बार्ब 10-32 च्या भोकात दोन-तीन वेढे जातो आणि मग अडतो. जोर लावला की ॲल्युमिनियमची चूडी सोलून निघते. महागडा ठोकळा असाच वाया जातो.

गेजच्या चूडीतही हाच घोळ आहे. अमेरिकन मार्करवर गेजला पाव नव्हे, एक अष्टमांश इंचाची एनपीटी चूडी असते: इंचाला 27 वेढे, 60 अंशांचा कोन. आपल्या बाजारात बीएसपी चालते: 28 वेढे, 55 अंश. टेफ्लॉनची टेप गुंडाळून बीएसपी फिटिंग एनपीटी भोकात घातली तर थोडा वेळ धरते, मग सुटते. हवेच्या दाबाखाली सुटलेली फिटिंग डोळ्याला लागू शकते.

उपाय सोपा आहे. नवा ठोकळा बनवत असाल तर सगळ्या कमी दाबाच्या चूड्या सरळ एम5 करून टाका, म्हणजे सुटे भाग मुंबईत कधीही मिळतील. जुना मार्कर असेल तर 10-32 चेच बार्ब मागवा आणि वेगळ्या डबीत ठेवा. दोन्हींची सरमिसळ एका डबीत नको.

नळीचंही तसंच. इथे सहज मिळते ती 4 मिमी बाहेरून, 2.5 मिमी आतून अशी पीयू (पॉलियुरेथेन) पाइप. तिची क्षमता साधारण 8 ते 10 बार असते आणि उन्हात ती कमी होते. एलपीआरच्या पुढे ती चालते. एलपीआरच्या मागे, जास्त दाबाच्या बाजूला ती कधीही लावू नका.

सगळं झाकलं की मार्कर मंदावतो. रॅम अर्ध्यात थांबतो. काय चुकलं?

थ्री-वे दर वेळी रॅमच्या एका बाजूची हवा बाहेर सोडतो. उघड्या मार्करमध्ये ती थ्री-वेच्या टोकांतून निघून जाते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. कवच घट्ट बसवलं की तिला जायला जागा राहत नाही. कवचात दाब साठतो आणि तोच दाब रॅमला विरोध करतो. एकेक गोळी मारताना फरक जाणवत नाही, भराभर मारायला लागलं की जाणवतो.

कवचाला बाहेर जाण्याची भोकं ठेवा. त्यांचं एकूण क्षेत्रफळ नळीच्या आतल्या भोकाच्या निदान चार-पाच पट असू द्या. भोकं खाली किंवा पुढे तोंड करून असावीत. वर असली तर पेंट आणि पावसाचं पाणी आत जातं. मागे असली तर हवा थेट मास्कवर येते आणि काच धुरकट होते.

शंका असेल तर कवच काढून तोच मार्कर चालवून पाहा. नीट चालला तर दोष हवेच्या वाटेत आहे. तरीही अडखळला तर एलपीआर किंवा ओ-रिंग तपासा.

कवचाच्या आत गेल्यावर एलपीआर आणि टायमिंग कसं लावायचं?

इथेच बहुतेक जण घाई करतात. कवच आधी डिझाइन होतं आणि स्क्रूड्रायव्हर घालायला जागा राहत नाही. एलपीआरचा स्क्रू पुढच्या टोकाला असतो, तिथे कवचात गोल भोक हवंच. टायमिंग रॉडचा जोड जिथे येतो तिथे छोटी खिडकी ठेवा आणि तिच्यावर एका स्क्रूचं झाकण द्या. शक्य असेल तर एलपीआरच्या पुढे एक तपासणीचं भोक काढून त्यावर एम5 चा प्लग लावा. खेळाच्या दिवशी प्लग बंद, लावायच्या दिवशी तिथे गेज. एलपीआर गळायला लागला की दाब हळूहळू चढतो आणि गेजशिवाय ते कळत नाही.

लावायची पद्धत अशी. हॉपर (गोळ्यांचा डबा) काढलेला, चेंबर रिकामा, बॅरलवर कव्हर, तोंडावर मास्क. एलपीआरचा स्क्रू पूर्ण बाहेर घ्या, मग पाव-पाव वेढा आत. बोल्ट पूर्ण मागे येऊन हॅमर दर वेळी पकडला जातो त्या बिंदूवर थांबा, त्यानंतर अगदी थोडं पुढे. त्याहून जास्त दाब म्हणजे बोल्ट जोरात बंद होतो आणि गोळी चेंबरमध्येच फुटते.

टायमिंगसाठी ट्रिगर अगदी सावकाश ओढा. आधी हॅमरचा ठोका ऐकू यायला हवा, त्यानंतरच मागचा ठोकळा हलायला हवा. उलट झालं तर बोल्ट उघडा असताना हवा सुटते आणि गोळ्या फीडनेकमधून, म्हणजे हॉपर बसतो त्या नळकांड्यातून, वर उडतात. झाकलेल्या मार्करमध्ये ठोकळा मागून दिसतोच, त्यामुळे ही तपासणी कवच न काढता होते.

मुंबईच्या हवेत आतले भाग टिकतात का?

उघड्या भागांवरचा घाम आणि खारट दमट हवा पुसता येते, आतली येत नाही. म्हणून आत घेतलेल्या भागांची निवड कडक हवी. ॲल्युमिनियमचा ठोकळा ॲनोडाइझ करून घ्या आणि ड्रिल केलेल्या मार्गांत रंगाचा थर किंवा रसायन उरलेलं नाही ना ते हवा मारून पाहा. ओ-रिंगच्या भोकात ॲनोडायझिंगचा थर मापात धरा. साधे लोखंडी स्क्रू ॲल्युमिनियममध्ये पावसाळ्याभरात अडकतात. 304 किंवा 316 स्टेनलेसचे वापरा आणि चूडीला ग्रीस लावा.

आतल्या ओ-रिंगसाठी नायट्राइल आणि वंगण म्हणून सिलिकॉनवर आधारित डाऊ 33 सारखं ग्रीस. टाकीच्या भरण्याच्या निपलला मात्र कसलंही तेल किंवा ग्रीस लावू नका. जास्त दाबाची हवा एकदम शिरताना तापते आणि तेल पेट घेऊ शकतं.

सीओ2 (कार्बन डायऑक्साइड) वर चालवता येईल का?

माझं उत्तर नाही. सीओ2 चा क्रांतिक तापमानबिंदू, म्हणजे ज्याच्या वर तो द्रव राहू शकत नाही तो, 31 अंश सेल्सिअस आहे. आपल्याकडे मार्च ते जूनमध्ये दुपारी पारा त्याच्या वर असतो आणि उन्हातली बाटली हवेपेक्षाही गरम होते. दाब इतका वर जातो की रेग्युलेटरला तो सांभाळता येत नाही. थंड असताना बाटली तिरकी झाली तर द्रव सीओ2 आत येतो आणि एलपीआरचा छोटा सील गोठून फाटतो. बाहेर असलेला सील बदलणं पाच मिनिटांचं काम आहे, आत घेतलेला बदलायला अर्धा मार्कर सुटा करावा लागतो. दाबाखालची साधी हवा वापरा.

काय कधीच झाकू नये?

टाकीवरची फुटणारी चकती आणि तिची सुटका करणारी भोकं, रेग्युलेटरचा रिलीफ व्हॉल्व्ह, टाकीची तपासणीची तारीख दाखवणारं लेबल आणि गेज. पहिल्या दोन गोष्टी जीव वाचवण्यासाठी आहेत. तिसरी फील्डवरच्या माणसाला दिसली पाहिजे, कारण बहुतेक संमिश्र टाक्यांची पाण्याच्या दाबाची चाचणी दर 5 वर्षांनी होते. बॅरल कव्हर तर बाहेर आणि ठसठशीत रंगाचंच हवं.

मुंबईत हे काम कोण करून देतं? सामान कुठून आणायचं?

फिटिंग, पीयू पाइप, ओ-रिंग आणि छोटे व्हॉल्व्ह नागदेवी स्ट्रीट आणि आसपासच्या गल्ल्यांत मिळतात. ॲल्युमिनियम आणि स्टेनलेसचे रॉड, पट्ट्या किका स्ट्रीट आणि कुंभारवाड्याच्या बाजूला. लेथ आणि मिलिंगचं काम साकीनाका, भांडुप, वसई इथल्या गाळ्यांत होतं.

टर्नरकडे जाताना कागदावर आराखडा न्या. परदेशी छायाचित्र मोबाइलवर दाखवून काम होत नाही. प्रत्येक माप मिमीमध्ये, चूडीचं नाव, भोकाची खोली आणि कोणत्या धारदार कडा काढायच्या ते लिहा. एकच नग आहे म्हणून काही जण टाळतात. अशांना मनवत बसू नका. साच्यांचं बारीक काम करणारे कारागीर शोधा, त्यांना अशा एका नगाच्या कामात रस असतो. आणि वस्तू काय आहे ते सरळ सांगा.

कायद्याचं काय?

मार्कर किंवा त्याचे मुख्य भाग परदेशातून मागवण्याआधी कस्टम्सचं काम पाहणारा एजंट आणि पोलिसांची परवाना शाखा, दोन्हींकडे लेखी विचारणा करा. शस्त्र कायदा 1959 आणि शस्त्र नियम 2016 हे दोन्ही समोर ठेवूनच ती व्हायला हवी. अख्खा मार्कर गाळ्यात नव्याने बनवणं आणि असलेल्या मार्करचा पुढचा ठोकळा बदलणं यांत फरक आहे. मी इथे दुसऱ्याबद्दलच लिहितो आहे.

टाक्या हा वेगळा विषय आहे. दाबाच्या सिलिंडरवर 2016 च्या गॅस सिलिंडर नियमांप्रमाणे नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसोचं, म्हणजे केंद्राच्या पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेचं, नियंत्रण आहे. फील्डने दिलेली, फील्डवर भरलेली टाकी वापरणं सर्वात सोपं आणि सुरक्षित. भरलेली टाकी लोकलमधून नेऊ नका. रेल्वे कायद्यानुसार धोकादायक वस्तू सोबत नेणं गुन्हा आहे, आणि गर्दीच्या डब्यात ते इतरांवर अन्यायकारकही आहे.

मार्करची बॅग बंद ठेवा. नळ्या आत गेल्यावर मार्कर लांबून अधिकच बंदुकीसारखा दिसतो. म्हणून मी काळ्या रंगाविरुद्ध आहे. निळा, नारिंगी, हिरवा, काहीही करा, पण खऱ्या शस्त्राची नक्कल करू नका.

पहिल्यांदा हवा भरताना काय तपासायचं?

कवच न लावता सुरुवात करा. मास्क घाला, जवळ उभ्या असलेल्यांनाही घालायला लावा. टाकी हळू उघडा आणि कान द्या. साबणाचं पाणी ब्रशने प्रत्येक प्लगवर, बार्बवर, थ्री-वेच्या दोन्ही टोकांवर लावा. थ्री-वेच्या टोकातून सतत बुडबुडे आले तर त्याची किंवा रॅमच्या आतली ओ-रिंग गेली आहे. गळती मिळाली की आधी टाकी काढा, मार्करमधली उरलेली हवा सोडा, मगच पाना लावा. सगळं कोरडं झालं की कवच चढवा आणि पुन्हा भराभर चालवून पाहा.

शेवटी क्रोनोग्राफ, म्हणजे गोळीचा वेग मोजणारं यंत्र. फील्डची मर्यादा 280 किंवा 300 फूट प्रति सेकंद असते. 3 ग्रॅमच्या गोळीला 280 फुटांच्या वेगात जवळपास 11 जूल ऊर्जा असते. यंत्रणा आत घेताना मुख्य रेग्युलेटर किंवा हॅमर स्प्रिंग हलली असेल तर वेगही बदललेला असतो, म्हणून पहिल्या खेळाआधी ही मोजणी सोडायची नाही.

बॅगेत सुटे भाग कोणते ठेवायचे?

थ्री-वे आणि रॅमच्या ओ-रिंगचा एक पूर्ण संच, टाकीच्या तोंडाच्या 015 मापाच्या ओ-रिंग चार-पाच, कवचाचे दोन जास्तीचे स्क्रू, ग्रीसची छोटी डबी, आणि तुमच्या मार्करला लागणाऱ्या ॲलन की इंची की मेट्रिक ते लिहिलेली चिठ्ठी. नळ्या ठेवल्या असतील तर मापाने कापलेला एक जोड. तुम्ही ठोकळ्यात मार्ग काढले असतील तर त्या मार्गांचा आराखडाही बॅगेत ठेवा. दोन वर्षांनी दुसऱ्या कुणी मार्कर उघडला, तर कोणत्या प्लगमागे काय आहे ते त्याला कळायला हवं.